अठरावा अखेरचा कार्यक्रम

आदेमारच्या जिभेला हाड नाही हे आमच्या अख्ख्या माँतेविदेओ शहराला ठाऊक. चौतीस वर्षं त्याने त्या जिभेवरच घर चालवलं. लष्करशहा गेले त्या वर्षी आदेमार गाणारा धरून पासो मोलिनो वस्तीतल्या चार पोरांनी बँड काढला आणि नाव ठेवलं ‘लॉस येर्नोस’, म्हणजे जावई, कारण त्यांच्यातल्या एकालाही कुठल्या सासूने उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं. ड्रम वाजवणारी मिर्ता तर पोरगी, पण तीही जावईच. पहिलंच गाणं आर्चबिशपच्या चड्डीवर. ते त्यांनी वाजवलं कुठे, तर चर्चच्या हॉलमध्ये! पाद्रीबाबा झाडू घेऊन मागे लागले आणि दुसऱ्या दिवसापासून पोरं प्रसिद्ध. पुढे रेडिओने त्यांच्यावर बंदी घातली, मग त्याच रेडिओने त्यांना बक्षीस दिलं. ते घ्यायला यांनी आपापल्या आयांना पाठवलं आणि आयांनी माइकवर उभं राहून पोरांच्या तक्रारी सांगितल्या. असला सगळा कारभार.

आणि आता हाच आदेमार त्या शुक्रवारी सकाळी रेडिओच्या स्टुडिओत बसून आयुष्यात पहिल्यांदा सरळ बोलायचा प्रयत्न करत होता. समोर मुलाखत घेणारी सुसाना हसून हसून टेबलावर कोसळली होती.

"सुसाना, मी खरं सांगतोय. हा आमचा शेवटचा कार्यक्रम."

"अठरावा शेवटचा!"

"अठरावा, हो. पण शेवटचा."

"अरे देवा! श्रोतेहो, याचा चेहरा दिसायला हवा होता तुम्हाला. कुणाच्या तरी मयताला आल्यासारखा बसलाय!" सुसानाने डोळे पुसले. "आदेमार, दर वर्षी वाटतं की याहून वर काय करणार, आणि दर वर्षी तू करतोस. मानलं बाबा तुला."

आदेमारने हात जोडले. ते पाहून ती आणखीनच हसली.

आता यात सुसानाचा काय दोष? पहिला अखेरचा कार्यक्रम अगदी मनापासूनचा होता. मिर्ता गाणी फार पळवते यावरून चौघांची कडाक्याची भांडणं झाली, बँड मोडला, लोक येऊन रडून गेले. महिनाभरात चौघं पुन्हा तालमीच्या त्याच गॅरेजमध्ये, त्याच खोक्यांवर बसले होते. मग लोकांना तोंड कसं दाखवायचं? आदेमारनेच शक्कल काढली. पुढच्या डिसेंबरात पोस्टर लागलं, ‘दुसरा अखेरचा कार्यक्रम’. शहर लोटलं. तेव्हापासून ती रीतच पडली. कधी शवपेट्यांतून स्टेजवर आले, कधी नोटरी बसवून सही-शिक्क्यानिशी बँड मेल्याचं जाहीर केलं. आदेमार माइकवर येऊन गळा काढायचा, "मित्रांनो, आज शेवटचं!" आणि सगळं मैदान एका आवाजात ओरडायचं, "खोटं! खोटं! खोटं!" त्या ओरडण्याशिवाय आमच्याकडे डिसेंबरात उन्हाळा सुरू झाल्यासारखं वाटत नाही.

पण आमच्याकडे आणखी एक रीत आहे आणि ती काही येर्नोसने काढलेली नाही, आजोबा-पणजोबांपासूनची आहे. ‘माते’ म्हणजे आमचा पाल्याचा कडू चहा; तो पिताना भोपळी, म्हणजे पोकळ भोपळ्याचं भांडं, सगळ्यांत एकच असते. एकाने पाला भरायचा, थर्मासातलं गरम पाणी ओतायचं आणि पाळीपाळीने सगळ्यांना द्यायचं. नळीने तळापर्यंत ओढायचं आणि काही न बोलता भोपळी परत करायची, की पुढच्या फेरीत तुझी पाळी आहेच. जो ‘धन्यवाद’ म्हणाला, त्याचं झालं. तो फेरीतून उठला, त्याला पुन्हा भोपळी येत नाही.

पंचाईत केली ती डार्विनने. डार्विन म्हणजे यांचा पहिला बास गिटारवाला. बँका बुडाल्या त्या वर्षी एका संध्याकाळी तालमीत त्याने भोपळी परत दिली आणि म्हणाला, "धन्यवाद." आदेमारला वाटलं, पोट बिघडलं असेल. दुसऱ्या दिवशी कळलं की गडी विमानात बसून स्पेनला गेला. तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही बिचाऱ्याची. तेव्हापासून येर्नोसमध्ये तो शब्द बंद. पोट फुटेस्तोवर प्या, पण धन्यवाद म्हणू नका. कार्यक्रमाच्या मध्यावर ते स्टेजवरच खोकी मांडून बसतात, भोपळी फिरते, एकमेकांची उणीदुणी काढतात, आणि आदेमार डार्विनची ही गोष्ट दर वेळी नवा मसाला लावून सांगतो. पोराटोरांनाही ती पाठ आहे. डार्विनच्या जागी आलेला माणूस आता टकला झाला, तरी त्याला सगळे ‘नवा’च म्हणतात.

तर, रेडिओवर जायच्या काही दिवस आधीची गोष्ट. हेबेरने आदेमारला घरी बोलावलं.

हेबेर गिटार वाजवतो. लोक त्याला ‘मुका’ म्हणतात, कारण स्टेजवर त्याने कधी माइकमध्ये एक शब्द काढलेला नाही. "मुक्या, बोल की!" असं लोक ओरडले की तो एक तार टुंगकन वाजवतो आणि हशा पिकतो. घरी मात्र टोमॅटोच्या रोपांवर तासभर बोलेल. त्या दिवशी स्वयंपाकघरात त्याची बायको निबिया होती, बेकरीतली गरम बिस्किटं होती, पण टोमॅटोचा विषय निघाला नाही. हेबेरने डावा हात टेबलावर ठेवला.

"बघ," तो म्हणाला.

करंगळी आणि शेजारचं बोट आपोआप हलत होतं. हेबेर नुसता बघत होता, जणू हात दुसऱ्याच कुणाचा आहे.

"कधीपासून?"

"मागच्या हिवाळ्यापासून. मिर्ताच्या लक्षात आलं होतं. तुझ्या नाही आलं, तू आपल्याच नादात असतोस."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"दोघांना दाखवलं. औषधाने चमचा धरता येईल म्हणतात. गिटार नाही."

आदेमारच्या तोंडातून काय निघावं? "बरं झालं, निदान आता बेसूर वाजलं तर निमित्त आहे तुझ्याकडे."

निबियाने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. पण हेबेर खो खो हसला. स्वतःच्या आईच्या अंत्यविधीलाही आदेमारच्या तोंडून असंच काहीतरी गेलं होतं आणि तेव्हाही हसणारा हेबेरच होता. दुःख झालं की या माणसाला थट्टाच सुचते, त्याला कोण काय करणार?

"म्हाताऱ्या, ऐक," हेबेर म्हणाला. "डिसेंबरचा कार्यक्रम कसाबसा निभावेन. त्यानंतर नाही. मला एकच हवंय. लोकांनी मला नीट निरोप द्यावा. ते ‘खोटं खोटं’ ओरडत हसत घरी जाणार, आणि पुढच्या डिसेंबरात मी नसणार, तसं नको. तेही उभे, मीही उभा, आणि दोघांनाही माहीत. एवढंच."

"तू नाहीस तर येर्नोस नाहीत. बँडच बंद."

"ते तुमचं तुम्ही बघा. पण मला निरोप हवा. आणि ते तू सांगायचं. मला कुठे बोलता येतं?"

"सांगतो की! त्यात काय आहे!" आदेमार म्हणाला, आणि भोपळी भरून त्याला दिली. हेबेर ओढत होता तेवढा वेळ आदेमारचा जीव टांगणीला. हा आता तो शब्द म्हणतो की काय? हेबेरने तळापर्यंत ओढली आणि मुकाट परत केली. आदेमारला इतकं हायसं वाटलं, की निबियाची पाळी असताना त्याने ती पुन्हा भरून हेबेरलाच दिली.

सांगणं सोपं वाटलं होतं. पण सांगायला गेला आणि जिथे तिथे फजिती. रेडिओवर काय झालं ते पाहिलंतच. पोस्टरवर त्याने मोठ्या अक्षरांत छापून घेतलं, ‘या वेळी खरंच’. लोक पोस्टरजवळ उभे राहून फोटो काढायला लागले. बेकरीवाल्या एल्साबाईला त्याने अगदी हळू आवाजात सांगितलं, "एल्साबाई, हेबेर आजारी आहे हो." एल्साबाई म्हणाली, "मागच्या वर्षी तू मेला होतास, तेव्हा मी फुलं पाठवली होती. आता काही पाठवणार नाही, जा!" आणि त्याच्या पिशवीत दोन बिस्किटं जास्तीची टाकली.

कार्यक्रमाआधीच्या गुरुवारी तालमीला हेबेर यायच्या आधी त्याने मिर्ता आणि नव्यासमोर हात टेकले.

"डॉक्टरलाच स्टेजवर आणतो," तो म्हणाला.

"नवव्या वेळी आणला होतास," मिर्ता म्हणाली. "तुझ्या मेंदूचा एक्स-रे दाखवायला. त्यात काहीच नव्हतं."

"नोटरी?"

"चौथ्या वेळी."

"शपथ घेतो."

"घेतलीस की. आर्चबिशपच्या चड्डीवर हात ठेवून."

"मग रडतो, बाई! रडू तर खरंच येतंय मला!"

"कांदा," मिर्ता म्हणाली, आणि ती हसली नाही. सहाव्या वेळी त्याने माइकवर कांदा चिरला होता.

"मग सरळ खरं सांगून टाक ना," नवा म्हणाला.

"तेच तर करतोय, गाढवा! पंधरा दिवस तेच करतोय!"

मिर्ताने काठ्या खाली ठेवल्या. "आदेमार, एक सांगते, रागावू नकोस. लोकांचा विश्वास बसत नाही ते राहू दे. तुझा तरी बसलाय का?"

आदेमारचाही विश्वास बसला नव्हता. गेले पंधरा दिवस रोज सकाळी उठल्यावर त्याला पहिल्यांदा वाटायचं की हीसुद्धा आपलीच काहीतरी कल्पना असेल. मग हेबेरची ती करंगळी आठवायची. हेबेर सायकल टेकवून आत आला तेव्हा तिघंही इतके गोड बोलायला लागले, की तो दारातच थांबला. "कोण मेलं?" त्याने विचारलं.

रविवार उजाडला. क्लबच्या मैदानावर दुपारपासून लोक. मिगेलेते ओढ्याकडून वारा येत होता, भट्टीवर सॉसेज भाजली जात होती, आज्या घडीच्या खुर्च्या घेऊन आल्या होत्या आणि जो तो काखेत थर्मास मारून. पहिल्या कार्यक्रमाला जे पोरगे होते ते आता नातवंडांना खांद्यावर घेऊन उभे. ऊन अजून चांगलं होतं तेव्हाच येर्नोस स्टेजवर आले आणि चड्डीचं गाणं सुरू झालं. मैदान नाचायला लागलं.

आदेमार गात होता लोकांकडे बघून, पण कान हेबेरकडे. तिसऱ्या गाण्यात हेबेरचा एक सूर निसटला. पाचव्यात अख्खी ओळच गेली आणि नव्याने बासवर ती उचलून धरली. लोकांना कळलं नाही. हेबेरला कळलं होतं. त्याच्या कपाळावर घाम होता आणि तो तारांकडे बघत होता. चौतीस वर्षांत या माणसाने कधी वाजवताना खाली पाहिलं नव्हतं.

मध्यंतराची वेळ झाली. खोकी मांडली गेली, थर्मास आला. आदेमार बसला नाही. त्याने माइक हातात घेतला.

"मित्रांनो," तो म्हणाला, "आज शेवटचं."

"खोटं! खोटं! खोटं!" सगळं मैदान.

"थांबा, ऐका माझं. आज खरंच शेवटचं आहे."

"खोटं! खोटं!"

"हेबेर आजारी आहे. त्याचा हात... डॉक्टर म्हणतात..."

"एक्स-रे दाखव!" कुणीतरी ओरडलं, आणि हशाचा असा लोट आला की त्याचं पुढचं बोलणं त्यातच वाहून गेलं. आदेमारच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, सगळ्यांच्या देखत, पन्नाशी उलटलेल्या माणसाचं.

"कांदा! कांदा! कांदा!" मैदान टाळ्यांच्या ठेक्यावर ओरडायला लागलं. पोरं उड्या मारत होती. प्रेमानेच ओरडत होते सगळे, हाच तर घोळ होता. इतकं प्रेम करणाऱ्या माणसांवर रागवायचं तरी कसं?

आदेमारने माइक स्टँडला लावला आणि हेबेरकडे वळला. "नाही जमलं रे," तो म्हणाला. "माफ कर. माझंच तोंड माझ्या आड आलं."

"बस खाली," हेबेर म्हणाला. "पाणी गार होतंय."

आदेमार खोक्यावर बसला. दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून त्याने पाला सारखा केला, पाणी ओतलं, आणि नेहमीसारखी पहिली भोपळी उजवीकडे, हेबेरला दिली. लोक हळूहळू शांत होत होते, आता डार्विनची गोष्ट येणार म्हणून. हेबेरने दोन्ही हातांनी भोपळी धरली. तरी ती हलत होती, नळी दातांवर आपटत होती. तो सावकाश प्याला, तळाशी खरखर आवाज येईपर्यंत. मग त्याने भोपळी आदेमारच्या हातात दिली, माइक आपल्याकडे ओढला, आणि मैदानाकडे बघून म्हणाला,

"धन्यवाद."

पहिल्या रांगेत घडीच्या खुर्चीवर एक आजी बसली होती. तिने काखेतला थर्मास छातीशी धरला. "अगं बाई," ती शेजारणीला म्हणाली, "म्हणाला तो."

मागच्यांनी विचारलं, काय म्हणाला, कोण बोललं, मुका बोलला? आणि उत्तर मागे मागे सरकत गेलं तसं मैदान गप्प होत गेलं, पार सॉसेजच्या भट्टीपर्यंत. एकानेही ‘खोटं’ म्हटलं नाही. आमच्याकडे माणूस वय खोटं सांगेल, लग्न खोटं करेल, निवडणुकीत तर काहीही बोलेल. पण भोपळी परत देताना खोटं धन्यवाद कुणी म्हणत नाही. ते कुणाच्या डोक्यातच येत नाही. आपल्या माणसांना तो शब्द एकदाच म्हणायचा असतो, उठताना.

आदेमार रिकामी भोपळी हातात धरून बसून राहिला. आता त्याचाही विश्वास बसला होता. इतके दिवस शोधून सापडले नव्हते ते शब्द आताही सापडले नाहीत. सापडलं ते घराघरातली कुठलीही आई पाहुण्याला म्हणते तेच.

"एवढ्यातच?"

माइक जवळच होता. सगळ्यांनी ऐकलं.

हेबेरने पोटावर हात ठेवला. "पोट भरलं, म्हाताऱ्या," तो म्हणाला. "मस्त भरलं."

तो उभा राहिला. आज्या खुर्च्यांवरून उठल्या, खांद्यावरची पोरं खाली उतरवली गेली. टाळ्या वाजायला लागल्या त्या ठेक्यातल्या नव्हत्या, वेड्यावाकड्या, ज्याला जशा येतील तशा. कुणी रडत होतं, कुणी "हेबेर!" म्हणून हाका मारत होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच लोक त्याला मुका न म्हणता नावाने हाक मारत होते. निबिया स्टेजच्या कडेला तोंडावर रुमाल धरून उभी होती. हेबेर हात वर करून सगळ्यांकडे बघत राहिला. डावा हात होता, थरथरत होता. त्याने तो लपवला नाही.

बऱ्याच वेळाने तो खाली बसला आणि आदेमारला कोपराने ढोसलं. "भर की. फेरी थांबते का कधी?"

आदेमारने पाणी ओतलं. डोळ्यांपुढे धुकं होतं, थोडं बाहेरही सांडलं. सवयीने भोपळी पुन्हा उजवीकडेच गेली. हेबेरने त्याचं मनगट धरलं आणि हळूच पलीकडे, मिर्ताकडे वळवलं.

मिर्ताने आदेमारकडे पाहिलं, मग नव्याकडे. तिने भोपळी घेतली, नळी तोंडात धरली, तळापर्यंत ओढली, आणि एक शब्द न बोलता परत दिली.